पिकअपला बंगल्याची वायरिंग

प्रबुद्धच्या पिकअपला चावी मारली की ती आधी विचार करायची. आतून एक लांबलचक ‘ऊंऊं’ यायचा, डॅशबोर्डवरचे दिवे विझत आलेल्या निखाऱ्यासारखे व्हायचे, आणि चौथ्या-पाचव्या चावीला कुठे इंजिन नाइलाजाने धडधडायला लागायचं. हेडलाईट लावून हॉर्न दाबला तर हेडलाईट लाजून मान खाली घालायचे. नेरळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून बॅटरीची मेन वायर दोन बोटांत धरून दाखवली. हिरवा गंज चढलेला आणि आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या.

"बॅटरीची मेन बदला, इंजिनची अर्थ बदला, डायनामोची लाईन बदला," तो म्हणाला. "तिन्ही जाड टाका. एका चावीत उठंल. मंगळवारी आणा, तवर माझा हात रिकामा नाय."

आता मंगळवार काही वाईट वार नाही, पण त्याच्या आधी रविवार होता, आणि रविवारी दर्शनाची ऑर्डर होती. दर्शना म्हणजे प्रबुद्धची बायको. तिने आणि पोशीरच्या आणखी सहा बायकांनी मिळून बचत गटाचं जेवण सुरू केलेलं. आत्तापर्यंत बारसं, वाढदिवस, एकदा शाळेचं गॅदरिंग, असं गावातल्या गावात चाललेलं. आणि एकदम खालापूरच्या फार्महाऊसवरचा साखरपुडा मिळाला. सव्वाशे पानं. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचा रस्सा, वालाचं बिरडं, भात. फार्महाऊसच्या मॅनेजर प्रिया मॅडम फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "एक वाजता म्हणजे एक वाजता पान वाढलेलं हवं. जमलं तर सीझनचे सगळे रविवार तुमचे. नाही जमलं तर माझ्याकडे पनवेलचा केटरर आहेच." तेव्हापासून दर्शना झोपेतसुद्धा पनवेलच्या केटररशी भांडत होती.

"नवीनला बोलवा की," ती म्हणाली.

नवीन तिचा धाकटा भाऊ. वायरमन. कळंबच्या बाजूला शनिवार-रविवारवाल्यांचे बंगले उठलेत ना, त्यातल्या चाळीस बंगल्यांची वायरिंग त्याच्या हातची. पण चाळीसच्या चाळीस बंगलेच.

"त्यो बंगल्यांचा वायरमन हाय," प्रबुद्ध म्हणाला.

"करंट सगळीकडं सारखाच ना?"

"अगं, बंगला जागचा हलतो का?"

"मग तुमची गाडी तरी कुठं हलतेय?"

बायकोच्या भावाला एकदा नको म्हटलं, की पुढची दहा वर्षं प्रत्येक भांडणात तो भाऊ मधे येऊन बसतो, हे त्याला गावातल्या चार अनुभवी माणसांनी आधीच सांगून ठेवलेलं. त्याने फोन लावला.

शनिवारी सकाळी नवीन आला तोच मोटरसायकलवर मागे-पुढे सामान बांधून. उतरल्या उतरल्या खिशातला टेस्टर काढला, बॅटरीला लावला, आणि डॉक्टर मान हलवतात तशी मान हलवली.

"दाजी, करंटच नाय. टेस्टर लागत नाय."

"बारा व्होल्टची बॅटरी हाय रं, तिला टेस्टर कसा लागंल?"

"बारा?" नवीनला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. "बारात काय होतंय?"

पण माणूस कामाचा. एका बंगल्यातल्या स्विमिंग पूलच्या पंपाची केबल उरलेली, अंगठ्याएवढी जाड, आतून अस्सल तांबं, ती त्याने बॅटरीपासून सेल्फपर्यंत अशी आवळली की बघत राहावं. प्रबुद्धने चावी मारली. चावी पुरती फिरायच्या आत इंजिन उठलं. कोंबडा आरवायच्या आधी उजाडावं तसं. प्रबुद्धने मेव्हण्याला गच्च मिठी मारली, आणि उद्याच्या रश्श्या-बिरड्यासाठी समाजमंदिरातली मोठी पातेली आणायला तो चालत गेला.

इथे थांबले असते तर सगळं छान झालं असतं. पण तो पातेली मोजून, सही करून, दोन माणसांशी बोलून परत येईपर्यंत दोन तास गेले, आणि नवीन हा रिकामा बसणारा माणूस नाही.

प्रबुद्ध परत आला तेव्हा गाडीत डावीकडे, बायको बसते त्या बाजूला, पांढराशुभ्र मॉड्यूलर स्विचबोर्ड बसलेला. आठ बटनांचा. कुठल्याशा बंगल्यातनं उरलेला, त्यामुळे बटनांवर छापलेली नावंही तशीच. हेडलाईट ‘व्हरांडा’वर. वायपर ‘बाथरूम’वर. डावा इंडिकेटर ‘गेस्ट बेडरूम’, उजवा ‘किचन’. हॉर्नला बेलचं बटन, वर छोटी घंटा काढलेली. शेजारी एमसीबीची पेटी.

"हे डावीकडं का?" प्रबुद्धने विचारलं. खरं तर त्याला बरंच काही विचारायचं होतं, पण आधी तोंडात हेच आलं.

"वायर तिथवरच पुरली. आन् जुनी बटनं खिळखिळी झालेली, दाजी. फ्यूज तर आता कुणी वापरतं का? एमसीबी टाकली. एकदम सेफ." नवीन पेटीवर थाप मारत म्हणाला. "फक्त एक ध्यानात ठेवा, ही एका खोलीपुरती हाय. एका टायमाला दोन गोष्टी. तिसरी लावली की पडणार, आन् पडली की इंजिन बंद. खटका वर करायचा, चावी मारायची, झालं. घरात गिझर, इस्त्री आन् मिक्सर एकदम लावता का तुमी?"

"घरात वळण येत नाय रं."

"आन् अर्थिंग," नवीनने ऐकलंच नाही. "तुमच्या गाडीला अर्थिंगच नव्हतं. चार रबरांवर उभी. ताईकडं अर्थिंगच्या खड्ड्यात घालायला मीठ आन् कोळसा मागितला, मग ध्यानात आलं का गाडीला खड्डा घेता येत नाय. म्हणून ही साखळी."

प्रबुद्धने वाकून बघितलं. चेसिसला बांधलेली, बैल बांधायची असते तसली लोखंडी साखळी, तिचं टोक जमिनीवर निवांत पडलेलं.

"अरं पण गाडीची बॉडीच अर्थ असते."

"बॉडीत करंट सोडायचा? माझी बहीण बसते त्यात."

नवीन बहिणीला बाजूला घेऊन अर्धा तास सगळं समजावत बसला, ती शहाण्या पोरीसारखी मान हलवत होती, आणि प्रबुद्ध गाडीभोवती गोल गोल फिरत आपण पातेली आणायला गेलोच का, याचा विचार करत होता. जाताना नवीन म्हणाला, "दोन दिवस साईटवर हाय, रेंज नसते. पण फोन करायची वेळच येणार नाय."

रविवारी अकराला निघाले. मागे पातेली, भाकऱ्यांच्या टोपल्या, आणि पातेली धरायला नंदाताई आणि दोघी जणी. नंदाताई गटातल्या सगळ्यात थोरल्या, आवाज पोशीरहून नेरळला जाईल असा. पुढे प्रबुद्ध स्टेअरिंगला आणि दर्शना बोर्डाला.

"गेस्ट बेडरूम," प्रबुद्ध म्हणाला. टक. डावा इंडिकेटर लागला.

"बंद कर. किचन." टक.

"हॉर्न." दर्शनाने बेल दाबली.

पहिली दोन किलोमीटर तर दोघांना मजाच वाटायला लागली. लग्नाला तीन वर्षं झालेली, पण नवऱ्याने म्हणायचं आणि बायकोने लगेच करायचं, असं घरात कधी झालं नव्हतं. नेरळच्या वळणावर मात्र एकदम ब्रेक दाबावा लागला, म्हणजे ब्रेकचा दिवा लागला, इंडिकेटर चालूच होता, आणि समोर एक म्हैस आली म्हणून दर्शनाने आपणहून बेल दाबली. खट. एमसीबी पडली. इंजिन बंद. म्हैस उभी राहून बघायला लागली.

"मी सांगितलं तेवढंच दाब गं."

"म्हशीला काय गेस्ट बेडरूम दाखवू?"

खटका वर, चावी, इंजिन लगेच उठलं. जाड वायरीचं काम खरंच फर्स्टक्लास होतं, ते कबूल करावंच लागेल. पण साखळी. साखळी रस्त्यावरून खणखणत, मधूनच ठिणग्या उडवत मागून येत होती. आणि आपल्याकडे कसं आहे, एखाद्याच्या मोटरसायकलचं स्टँड खाली राहिलं, एखादीची ओढणी चाकाजवळ गेली, की अख्खा रस्ता काळजी करतो. पाच किलोमीटर पाठलाग करून सांगतात. तर पहिला एक दुधवाला आला, गाडीला गाडी लावून ओरडला, "ओ शेठ, साखळी घासतेय." मग शाळेचे मास्तर. मग दोन पोरी स्कूटीवर. मग एक रिक्षा, त्यात बसलेले सगळे पाच जण मिळून. आता माणूस एवढ्या मायेने सांगतोय म्हटल्यावर उत्तर नको द्यायला? प्रबुद्ध गाडी जरा हळू करायचा, म्हणजे ब्रेक. बाजूला घ्यायचा, म्हणजे गेस्ट बेडरूम. आणि दर्शना आभार मानायला हलकेच बेल दाबायची. खट.

"आभार नको मानू गं," चौथ्यांदा गाडी बंद पडल्यावर प्रबुद्ध म्हणाला.

"माणसं काय म्हणतील? शिष्ट बाई म्हणतील."

शेलूचे रामभाऊ त्यांना इथेच पहिल्यांदा भेटले. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, स्कूटरवर मागे त्यांची बायको जानकीबाई हिरव्या पैठणीत, मांडीवर मिठाईचा खोका. "अवो, साखळी लोंबतेय," रामभाऊ म्हणाले. प्रबुद्धने हात केला. दर्शनाने बेल दाबली. खट. रामभाऊ पुढे निघून गेले, वाटेत चहाला थांबले असावेत, कारण चारफाट्याच्या पुढे ते पुन्हा मागून आले आणि पहिल्यापेक्षा जोरात म्हणाले, "अवो, मघाशी सांगितलं ना, साखळी." खट.

"रं प्रबुद्धा, सारखा थांबतोस कशाला?" मागून नंदाताई. "रस्सा हलतोय. कोंबड्या परत जित्या व्हतील."

कर्जत सोडलं तेव्हा एमसीबी अकरा वेळा पडलेली. अकरा वेळा सेल्फ. आणि प्रबुद्धच्या लक्षात आलं, की चावी मारल्यावर पुन्हा तोच जुना, ओळखीचा ‘ऊंऊं’ यायला लागलाय. अंगठ्याएवढी वायर आहे, बसेल कशी बॅटरी, असं मनाशी म्हणत त्याने चौक गाव मागे टाकलं, आणि फार्महाऊसचा फाटा दोन किलोमीटरवर राहिला असताना समोर गतिरोधक आला. ब्रेक. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, साखळी." खट. खटका वर. चावी. गाडीने उसासासुद्धा टाकला नाही.

बारा पन्नास झालेले.

प्रबुद्ध खाली उतरला, बॉनेट उघडलं, चकचकीत वायरीकडे बघितलं, बॉनेट बंद केलं. नवीनला फोन लावला. रेंजमध्ये नाही. दर्शना जागची हलली नाही, नुसती फोनवरच्या घड्याळाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर प्रबुद्धला पनवेलचा केटरर स्पष्ट दिसत होता. चाळीस किलो तांदळाचं पीठ रात्रभर दळून आणलेलं, पहाटे तीनला उठून थापलेल्या भाकऱ्या, सात बायका, आणि अडलं कुठे, तर दोन किलोमीटरवर.

तेवढ्यात स्कूटर येऊन थांबली. रामभाऊ. वाटेत बाकीच्या मंडळींसाठी थांबून आलेले, मागे दहा-बारा मोटरसायकली आणि माणसांनी भरलेला एक टेंपो.

"तिसऱ्यांदा सांगतोय," रामभाऊ उतरले, "तुमची साखळी घासतेय."

"माहितेय काका. मुद्दाम लावलीय."

"मुद्दाम?"

"अर्थिंग हाय."

रामभाऊंनी यावर थोडा वेळ विचार केला आणि सोडून दिला. मग त्यांचं नाक वर झालं. "ह्यो वास कसला?"

"वालाचं बिरडं," वरून नंदाताई म्हणाल्या. "खालापूरला साखरपुडा हाय, तिथलं जेवण."

"फार्महाऊसवरचा?" रामभाऊ म्हणाले. "मुलाचा बाप मीच की."

साखरपुडा बाराचा होता, म्हणजे नवऱ्याकडची मंडळी शेलूहून साडेअकराला निघणार, हे ठरलेलंच, त्यामुळे आपण उशिरा आलोय याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. पण जेवण रस्त्यात उभं आहे, हे बघून टेंपोतली माणसं पटापटा खाली उतरली. चहा सोडता कुणाच्या पोटात काही नव्हतं. जेवण भारी असतं म्हणून सगळ्यांनी नाश्ता टाळलेला.

"बाप्ये सगळे मागं या," जानकीबाईंनी हुकूम सोडला. "शर्टाचं नंतर बघू."

प्रबुद्ध स्टेअरिंगला. बावीस माणसं मागे. नवरामुलगा सुरवार-शेरवानीत, त्याला सगळे नको नको म्हणत होते, तरी तोही खांदा लावायला आला. गाडीने वेग घेतला, प्रबुद्धने गिअर टाकून क्लच सोडला, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प. परत ढकललं. परत खोकलं. दर्शनाने एकदा वाकून सीटखाली काहीतरी बघितलं, मग मागच्या आरशात बघितलं, मग घड्याळात, आणि सरळ होऊन बसली.

"चालू नाय होत," प्रबुद्ध खिडकीतून म्हणाला. "काका, राहू द्या आता."

"राहू द्या कसं? जेवण हाय आत," रामभाऊ म्हणाले. "टेंपोनं ओढलं तर रस्सा सांडंल. ढकला रं. पार दारापर्यंत ढकला."

आणि काय सांगू, ती वरात बघण्यासारखी होती. पुढे जानकीबाई मिठाईचा खोका घेऊन चालत, मागे पिकअप, पिकअपवर नंदाताई, "हळू रं, डावीकडचं पातेलं सरकतंय, ए शेरवानीवाल्या, तू उजवीकडं जोर लाव," पिकअपच्या मागे घामाने डबडबलेले बावीस पाव्हणे, आणि सगळ्यांच्या मधोमध खणखणणारी साखळी. शेवटचा चढ आला तेव्हा नंदाताईंनी बिरड्याच्या पातेल्याचं झाकण बोटभर सरकवलं. वास मागे गेला. गाडी चढ अशी चढली, की प्रबुद्धला ब्रेक दाबावा लागला.

दीड वाजून पाच मिनिटांनी ते दारात पोचले. प्रिया मॅडम हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवतच बाहेर आल्या. "दर्शनाताई, मी तुम्हाला एक वाजता..."

"मॅडम," रामभाऊ त्यांना अडवत म्हणाले. शर्टाची इस्त्री गेलेली, दोन्ही हात काळे. "पानं मांडा आधी. आमी आत्ताच पोचतोय."

प्रिया मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, बावीस माणसांकडे बघितलं, पिकअपकडे बघितलं. जेवणारेच आत्ता आलेत म्हटल्यावर जेवण उशिरा आलं असं म्हणणार कुणाला? त्यांनी बोट खाली घेतलं.

मुलीचे वडील म्हणाले, आधी अंगठ्या घालून घेऊ. नवरामुलगा म्हणाला, आधी जेवू. पहिल्यांदाच सासऱ्यापुढे बोलला, आणि बरोबर बोलला. मग जे जेवणं झाली ती झाली. भाकरी तव्यावरून नाही, टोपलीतून येत होती, तरी फुंकर मारून खात होते. रामभाऊंनी बिरडं चारदा मागून घेतलं. एका पाव्हण्याने रस्सा वाटीने प्यायला, मग वाटी बाजूला ठेवून पातेलंच जवळ ओढलं. तीन वाजता नंदाताईंनी पातेल्याच्या बुडावर डाव वाजवून दाखवला, आत अक्षरशः काही नव्हतं.

प्रिया मॅडम रिकाम्या पातेल्यात डोकावून उभ्या राहिल्या. "चार वर्षं झाली मला इथे," त्या हळूच म्हणाल्या. "शेरवानीवर रस्सा सांडला आणि नवरदेवाने तो बोटाने चाटला, असं मी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून तुम्हीच. पनवेलला मी कळवते."

दर्शनाने हातातलं फडकं तोंडाला लावलं. प्रबुद्धला वाटलं रडतेय. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. साईटवरून जरा रेंजमध्ये आलेला नवीन. प्रबुद्धने सकाळपासून मेव्हण्यासाठी जे जे शब्द जमा केले होते, ते सगळे एकदम तोंडाशी आले, आणि त्यामुळे एकही बाहेर पडला नाही.

"दाजी, कशी चालतेय गाडी?"

"चालत नाय. बॅटरी बसली. दोन किलोमीटर माणसांनी ढकलली."

"ढकलली?" नवीनला खरंच आश्चर्य वाटलं. "सीटखालचा खटका नाय फिरवला?"

"कसला खटका?"

"चेंजओव्हर. बॅटरी म्हंजे लाईट, आन् डायनामो म्हंजे जनरेटर. लाईट आन् जनरेटर एका लाईनीत कधी सोडतात का? घर जळंल. म्हणून मधे खटका टाकला. नुसता बॅटरीवर ठेवलात तर ती चार्जच व्हनार नाय. बसली, का खटका डायनामोवर टाकायचा, एक धक्का, लगेच चालू. ताईला दाखवलंय की मी. दोनदा."

प्रबुद्धने फोन खाली घेतला. दर्शना भाकऱ्यांच्या टोपल्या एकात एक घालत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हूं."

"मग सांगितलं का नाय?"

दर्शनाने आजूबाजूला बघितलं. प्रिया मॅडम लांब होत्या. "आदी नाय आठवलं, खरंच. पण क्लच सोडलात तवा आठवलं. वाकून बघितलं पण." तिने टोपल्या दाबून बसवल्या. "मग घड्याळ बघितलं. एक वाजून गेलेला. गाडी चालू झाली असती तर आपण बारा-पंधरा मिनिटं उशिरा पोचलो असतो, आन् ही मंडळी मागनं निवांत आली असती. मॅडमनी कुणाला धरलं असतं?"

"त्यांनी दोन किलोमीटर ढकललं, दर्शना. नवऱ्यामुलानं ढकललं."

"म्हणून तर जेवला ना पोटभर. बघा, किती तेज आलंय तोंडावर."

तिकडे मांडवात अंगठ्या घालणं चाललेलं, आणि नवरामुलगा खरंच सुखी दिसत होता. रामभाऊ ढेकर देत बाहेर आले आणि पिकअपला टेकून दर्शनाला म्हणाले, "सूनबाई, जायच्या टायमाला हाक मारा. पोरं हायत आपली. धक्का देऊ."

"एकच लागंल काका," दर्शना म्हणाली. ती गाडीत चढली, सीटखाली हात घातला, काहीतरी कटकन फिरवलं आणि आपल्या बोर्डासमोर बसली. प्रबुद्ध स्टेअरिंगवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. तीन वर्षं त्याची अशी समजूत होती, की गाडी तो चालवतो.

"बघताय काय?" ती म्हणाली. "गिअर टाका."